सहावी खूण

"माणसं दोन आणि तिकीट एकच," तपासनीस म्हणाले. "बघितलंस?"

"जोडतिकीट आहे ते. वर छापलंय, दोन व्यक्तींसाठी," त्यांची बायको म्हणाली.

"छापलेलं असतंच. छापायला काय जातंय?"

त्यांनी तिकिटाचा क्रमांक पाहिला, मागची बाजू पाहिली, उजेडात धरून पाहिलं आणि मगच ते खिशात ठेवलं. तिकीट देणाऱ्या बाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली. "काही चुकलंय का हो?"

"अजून तरी नाही," तपासनीस म्हणाले.

पैसा आणि बँका यांच्या इतिहासाचं ते संग्रहालय एका जुन्या बँकेच्याच इमारतीत होतं. उंच छत, दगडी फरशी, पितळी जाळीच्या खिडक्या. तपासनिसांनी आयुष्याची एकतीस वर्षं अशाच इमारतींत काढली होती. बँकेच्या वेगवेगळ्या शाखांत जाऊन हिशेब तपासायचे हे त्यांचं काम, आणि ते शाखेत शिरले की तिथली माणसं चहासुद्धा आवाज न करता पीत. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. नोकरी सुटली तरी संशय सुटला नव्हता, त्याला आता घरातली माणसं आणि वाण्याची बिलं पुरवून वापरावी लागत होती. आज मात्र मोठं काम होतं. ते इतिहास बघायला आले नव्हते, जावई बघायला आले होते.

मुलीने गेल्या आठवड्यात सांगून टाकलं होतं की तिने लग्न ठरवलंय. मुलगा याच संग्रहालयात जुन्या कागदपत्रांची देखभाल करतो, सध्या सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर आहे, ते या शुक्रवारी संपतं, की नोकरी कायम. रविवारी तो घरी भेटायला येईल.

"रविवारी तो केस कापून, इस्त्रीचा शर्ट घालून येणार," तपासनीस बायकोला म्हणाले होते. "कळवून आलेल्या माणसात काय कळतं? मी शाखेला कळवून गेलो असतो तर एकतीस वर्षांत एकही चूक सापडली नसती."

"तुम्ही त्याला त्रास देणार."

"त्रास कसला? नुसता लांबून बघणार. आपण कोण हे त्याला कळणारही नाही."

बायको बरोबर आली ती एवढ्यासाठीच की हा माणूस एकटा सोडण्यासारखा नव्हता.

दारापाशी पाहुण्यांची नोंदवही होती. तपासनिसांनी पेन उचललं, क्षणभर विचार केला आणि स्वतःच्या नावाच्या जागी मेव्हण्याचं नाव लिहिलं. व्यवसाय: निवृत्त शिक्षक.

"अहो! खोटी नोंद?" बायको कुजबुजली.

"खोटी नाही, गोपनीय."

"दादाने कोणाचं काय घोडं मारलंय, त्याचं नाव कशाला?"

"आत चल. लोक बघतायत."

बघत होता एकच माणूस, दारावरचा पहारेकरी. बुधवारची सकाळ होती आणि त्या वहीत आजच्या तारखेला या दोघांखेरीज एकच नाव होतं. त्या नावाचे गृहस्थ नाण्यांच्या दालनातल्या बाकावर झोपले होते.

तपासनीस कधीच पाट्या वाचत नसत. शाखेत गेल्यावर आधी मॅनेजरचं म्हणणं ऐकून घेतलं की आपले डोळे मॅनेजरच्या बाजूने बघायला लागतात, असं त्यांचं मत होतं. वस्तू आधी, खुलासा नंतर. बायकोचं उलटं होतं. ती प्रत्येक पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचे आणि मग वस्तूकडे पाहून "अच्छा" म्हणे. त्यामुळे ती शिंपल्यांच्या चलनापाशी होती तेव्हा तपासनीस दोन दालनं पुढे निघून गेले होते.

वाटेत त्यांनी देणगीपेटीचं कुलूप ओढून पाहिलं. आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख पाहिली. ती उलटून गेली होती. मोठ्या लोखंडी तिजोरीला किती कुलपं आहेत ते मोजलं, परत मोजलं आणि वाकून बिजागरीही पाहिली. छतालगतच्या कॅमेऱ्याखाली थोडा वेळ उभं राहून त्याचा लाल दिवा लागत नसल्याची खात्री केली. "बंद," ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांना बरं वाटलं.

खांबाआडून बघणाऱ्या पहारेकऱ्याला मात्र बरं वाटलं नाही. तो लगबगीने आतल्या बाजूला गेला.

उमेदवार त्यांना हिशेबवह्यांच्या दालनात दिसला. तपासनीस मनातल्या मनात त्याला उमेदवारच म्हणत. सडपातळ, चष्मा, हातात पांढरे सुती मोजे. त्याने एका काचपेटीचं झाकण वर उचलून टेकवलं होतं आणि आतल्या हवेतल्या दमटपणाचा आकडा बघून तो कागदावर लिहीत होता. मग त्याने पेटीच्या कोपऱ्यातली दमटपणा शोषणारी पुडी काढली, ती हातावर तोलून पाहिली आणि नवी आणायला तो बाजूच्या खोलीत गेला. झाकण उघडंच राहिलं.

"हं," तपासनीस म्हणाले. "झाकण उघडं."

ते पेटीजवळ गेले. आत एक जाडजूड खातेवही उघडून ठेवली होती. कुठल्याशा बुडालेल्या खासगी पेढीची असावी. तपकिरी पडलेली शाई, वळणदार आकडे, खाली दोन रेघांमध्ये बेरीज. बेरजेच्या उजवीकडे एकापुढे एक अशा बरोबरच्या पाच खुणा. पाच वेगवेगळ्या हातांच्या, कोणी लांब शेपटीची, कोणी आखूड. पाचव्या खुणेनंतर थोडी जागा मोकळी होती.

पुढे जे झालं त्यात तपासनिसांचा असा काही निर्णय नव्हता. शाई सोडून ते हल्ली हिरव्या पेन्सिलीवर आले होते आणि ती शर्टाच्या खिशात कायम टोक काढून तयार असे. औषधाचं बिल, विजेचं बिल, बायकोने आणायच्या सामानाची केलेली यादी, सगळ्यांवर ती फिरे. समोर बेरीज, बेरजेपुढे खुणा, खुणांपुढे जागा. हात खिशाकडे गेला, परत आला, आणि एक हलकासा झटका देऊन बाजूला झाला.

आता तिथे सहा खुणा होत्या. सहावी हिरवीगार होती.

त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पेन्सिल खिशात ठेवली, मग ती खिशातून डोकावतेय असं वाटून पाठीमागे धरली. तेवढ्यात बायको "अच्छा, अच्छा" करत दालनात आली.

"झालं का हो तुमचं? दिसला का?"

"इकडे ये. इकडे, तिजोरीच्या मागे. लवकर."

"तिजोरीच्या मागे कशाला?"

"उमेदवाराची परीक्षा आहे."

ती मोठी तिजोरी याच दालनाच्या तोंडाशी, भिंतीपासून हातभर पुढे होती. दोघं तिच्या आडोशाला उभी राहिली, आणि त्या दाटीवाटीत तपासनिसांनी पेन्सिल बायकोच्या पर्समध्ये सोडून दिली. तिला कळलं नाही. निदान त्यांना तसं वाटलं.

उमेदवार नवी पुडी घेऊन आला. पुडी कोपऱ्यात ठेवून तो झाकण लावणार, तोच थबकला. त्याने बोटाने मोजलं. परत मोजलं. मग तो पानाला नाक लागेल इतका वाकला.

"काय झालंय त्याला?" बायकोने विचारलं.

"श्श. त्याच्या वस्तूवर कोणीतरी खूण केलीय."

"अगं बाई! कोणी?"

"ते महत्त्वाचं नाही. तो आता काय करतो ते बघ."

उमेदवाराने कोटाच्या खिशात हात घातला आणि एक खोडरबर काढलं.

खोडलं तर आपण सुटलो. पण खोडलं तर हा मुलगा लपवाछपवी करणारा निघाला, आणि असल्या माणसाला मुलगी कशी द्यायची? नाही खोडलं तर माणूस चोख. पण मग खूण करणारा शोधला जाणार, आणि शुक्रवारी याच्या हातात पत्र पडेल ते कायम झाल्याचं नसेल. आयुष्यात प्रथमच तपासनिसांना एका तपासणीचा निकाल कसा लागावा हे ठरवता येईना.

खोडरबर पानापासून बोटभर अंतरावर आलं. तिथेच थांबलं. आणि परत खिशात गेलं. उमेदवाराने घड्याळात पाहिलं, खिशातून छोटी वही काढली आणि उभ्याउभ्याच काहीतरी लिहिलं. मग त्याने हाक मारली, "दार लावून घ्या. कोणालाही बाहेर जाऊ देऊ नका."

"पास," तपासनीस पुटपुटले.

पहारेकरी आला तो आधीच तयारीत होता. "साहेब, मी तुम्हाला मघाशीच सांगायला आलो होतो. तो वहीत निवृत्त शिक्षक लिहिलेला माणूस कुलपं मोजत होता. दोन वेळा! आत्ता कुठे आहे म्हणाल तर तिजोरीमागे. बाईमाणसाला घेऊन."

दोघं तिजोरीमागून बाहेर आली. बायकोने पदरावरची धूळ झटकली.

"नमस्कार काका," उमेदवार म्हणाला. आवाज नम्र होता, नजर नव्हती. "तुम्ही शिक्षक होता ना? वहीत तसं लिहिलंय म्हणे."

"हो."

"कोणता विषय?"

"गणित," तपासनीस म्हणाले.

"चित्रकला," बायको त्याच क्षणी म्हणाली. भावाचा विषय तिला आठवला होता.

उमेदवाराने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"दोन्ही," तपासनीस म्हणाले. "भूमिती."

"चित्रकला म्हणजे रंगीत पेन्सिली आल्या," पहारेकरी पानावरच्या हिरव्या खुणेकडे बघत म्हणाला.

"अहो, रंगीत पेन्सिल काय कोणाकडेही असते! त्या बाकावर झोपलेल्या माणसाला विचारलंत का?" तपासनीस म्हणाले.

"ते रोज येतात. दार उघडल्यापासून झोपलेत. मी खात्री देतो."

"तिजोरीची कुलपं कशाला मोजत होता काका?" उमेदवाराने विचारलं.

"सहज. चार आहेत आणि त्यातलं एक नुसतं दिखाऊ आहे."

"साहेब, बघा!" पहारेकरी म्हणाला.

"आपण कॅमेऱ्यात बघू," उमेदवार म्हणाला, "म्हणजे कोणावर उगाच आळ यायला नको."

"कॅमेरा बंद आहे," तपासनीस म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पण दोष दिसला की तो सांगायची जिभेला इतक्या वर्षांची सवय होती.

"तुम्हाला कसं माहीत?"

"लाल दिवा नाही. आणि तुमच्या आग विझवायच्या नळकांड्याची मुदत संपलीय. मागच्या वर्षीच."

पहारेकऱ्याने दाराला आतून दुसरी कडी घातली.

संग्रहालयाच्या संचालिका खाली आल्या तेव्हा त्यांनी आधी पान पाहिलं, मग उमेदवाराकडे पाहिलं. "झाकण?" त्यांनी एवढंच विचारलं.

"मी उघडं ठेवून गेलो होतो मॅडम. तीन मिनिटं. वहीत लिहिलंय."

"शुक्रवारी मला तुमच्याबद्दल वर कळवायचंय, हे लक्षात आहे ना?"

"हो मॅडम."

तपासनिसांनी खाली फरशीकडे पाहिलं. त्यांना एकाएकी मुलीचा चेहरा दिसला. ती बातमी सांगताना तिने आधी पाण्याचा अख्खा ग्लास पिऊन घेतला होता, ते दिसलं.

"माफ करा, पण खिसे आणि पिशव्या बघाव्या लागतील," संचालिका म्हणाल्या.

तपासनिसांच्या खिशात तिकीट, चष्म्याची डबी आणि घडी केलेला रुमाल निघाला. पहारेकरी हिरमुसला. मग संचालिकांनी बायकोची पर्स उघडली आणि दोन बोटांत धरून हिरवी पेन्सिल बाहेर काढली.

बायको पेन्सिलीकडे पाहत राहिली. मग तिने हळूच मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"ही तुमची?" संचालिकांनी तिला विचारलं.

"पेन्सिल कोणाची ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "माझ्या पर्समध्ये कशी आली, ते मलाही ऐकायचंय."

तपासनिसांना आता मान वर करणं भाग होतं. "ती माझी आहे," ते म्हणाले. "खूणही मीच केली. हिचा काही संबंध नाही. याचाही नाही. आणि मी शिक्षक नाही. मी बँकेत तपासनीस होतो. आणि," ते उमेदवाराकडे न बघता म्हणाले, "रविवारी तुम्ही ज्यांच्याकडे येणार आहात ना, तो मी."

उमेदवाराच्या चेहऱ्यावरचा रंग आला आणि गेला. पण तो म्हणाला, "काका, मघाशी तुम्ही गणिताचे होता, मग चित्रकलेचे झालात. आता हे मी कशावरून मानू?"

"म्हणजे? माझ्यावर संशय?"

"ओळख पटवावी लागेल. थांबा, मी फोन लावतो." त्याने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. "अगं, कामात आहेस का? इथे एक गृहस्थ आलेत. म्हणतायत, ते तुझे बाबा आहेत."

पलीकडून मुलीने विचारलं, "हिरवी पेन्सिल आहे का त्यांच्याजवळ?"

"आहे. म्हणजे होती. पुरावा म्हणून जमा केलीय."

"बाबाच," मुलगी म्हणाली. "कशावर टिक केली?"

"पेढीच्या खातेवहीवर. तुला सांगितलं होतं ना, ती. बेरजेपुढे."

"बाबा, ऐकताय ना? त्याची नोकरी गेली ना, तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही. आणि आई, तूसुद्धा गेलीस बरोबर?"

"मी लक्ष ठेवायला आले होते गं," आई म्हणाली. "पण ते शिंपले फार सुंदर होते."

फोन ठेवल्यावर संचालिकांनी उमेदवाराची छोटी वही मागून घेतली आणि मोठ्याने वाचली. "अकरा वाजून दहा मिनिटांनी पेटीचं झाकण उघडं ठेवून पुडी आणायला गेलो. अकरा तेराला परत. पाच खुणांच्या जागी सहा, सहावी हिरवी. झाकण उघडं ठेवणं ही माझी चूक."

"जरा बघू," तपासनीस म्हणाले. त्यांनी वही हातात घेतली, वाचली, आणि मागचं पान उलटून पुन्हा वाचली. एकतीस वर्षांत त्यांनी हजारभर खुलासे वाचले होते. त्यांत चूक शिपायाची असे, उंदरांची असे, किंवा आधीच्या मॅनेजरची. 'माझी' हा शब्द त्यांना कुठल्याच खुलाशात आठवेना. त्यांना तो मुलगा आवडायला लागला, आणि कोणी आवडायला लागलं की त्यांना हमखास संशय येई.

"तू खोडरबर काढलं होतंस," ते म्हणाले. अहोजाहो कधी सुटलं हे त्यांच्या लक्षात आलं नाही. "मग खोडलं का नाहीस?"

"मेणाचा अंश आहे या पेन्सिलीत. रबराने रंग पसरतो आणि कागदाचे धागे निघतात."

"अच्छा! म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे, मेण!"

"अहो!" बायको म्हणाली.

"थांब. आणि समजा साधी शिसपेन्सिल असती, तर?"

उमेदवाराने थोडा विचार केला. त्याने लगेच 'नाही' म्हटलं असतं तर तपासनिसांनी विश्वास ठेवला नसता. "तरी नसती खोडली," तो म्हणाला. "मला ज्याने खूण केली त्या माणसाला शोधायचं होतं. त्याला एक प्रश्न विचारायचा होता."

"कोणता?"

"बेरीज करून पाहिली होतीत का?"

प्रश्न साधा होता. तपासनीस पानाकडे बघायला लागले.

"तुम्ही पाटी नाही का वाचली?" संचालिकांनी विचारलं.

"मी पाट्या वाचत नाही."

"मी वाचून दाखवते," बायको म्हणाली, आणि चष्मा पुढे ओढून पेटीवरची पाटी सावकाश वाचू लागली. "या पानावरील बेरीज चुकीची आहे. पेढीच्या कारकुनाने ती मुद्दाम दहा हजारांनी वाढवली होती. पुढील वर्षांत पाच तपासनिसांनी हे पान तपासले. पाचही जणांनी बेरजेपुढे बरोबर अशी खूण केली. पेढी बुडाली." तिने चष्मा मागे सारला, पानाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अच्छा."

तपासनीस पेटीवर वाकले. त्यांचे ओठ हलू लागले. उजवीकडचा रकाना, हातचे दोन, पुढचा रकाना, हातचे चार. खाली येईपर्यंत त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. दहा हजार जास्त. शेंबड्या पोराला दिसावेत इतके ढळढळीत जास्त.

"आम्ही या पानावर खूप बोललोय," उमेदवार म्हणाला, आणि आता त्याच्या नजरेतही नम्रपणा आला होता. नम्रपणापेक्षा कुतूहलच जास्त होतं. "पाच शहाणी माणसं एकच चूक कशी करतात? त्या पाचांना विचारता येत नाही. ते कधीच गेले. आणि तुम्ही सापडलात."

"सापडलात काय! मी काय खडकात मिळालेला सांगाडा आहे?"

"तसं नाही काका. पण सांगा ना. का केलीत?"

तपासनिसांनी बायकोकडे पाहिलं. तिथून मदत येण्याची चिन्हं नव्हती. "तिथे पाच खुणा होत्या," शेवटी ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. "पाच जणांनी बघितलेलं आहे म्हटल्यावर... मी तिकीटसुद्धा उजेडात धरून बघतो हो. पण खूण दिसली की..."

उमेदवार वहीत भराभर लिहून घेत होता.

संचालिकांनी खुर्ची मागवली, कागद मागवला. त्या म्हणाल्या की खूण वरवर आहे, शाईसारखी आत मुरलेली नाही, दोन दिवसांच्या कामात निघेल. मात्र घडलेल्या प्रकाराचा लेखी खुलासा फाईलला लागणार. "आणि शुक्रवारचं म्हणाल तर," त्या उमेदवाराला म्हणाल्या, "मी तुमची नोंद जशीच्या तशी वर पाठवते. आपली चूक स्वतःच लिहून ठेवणारा माणूस मला पेटीपेक्षा जास्त लागतो. झाकण लावा आधी."

उमेदवाराने झाकण लावलं. तपासनिसांनी इतका मोठा निःश्वास टाकला की काचेवर वाफ धरली, आणि उमेदवाराने ती लगेच पुसली.

खुलाशाचा छापील नमुना होता, आणि त्यात खाली उमेदवाराने हाताने एक प्रश्न वाढवला होता. तपासनीस पेन हातात घेऊन बराच वेळ बसले. दुसऱ्याकडून खुलासा मागणं आणि आपण लिहिणं यांत एवढा फरक असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. पहिल्या ओळीत त्यांनी 'नजरचुकीने' लिहिलं, ते खोडलं. मग 'सवयीने' लिहिलं. खोटी नोंद केल्याचं लिहिलं, मेव्हण्याची माफी मागतो असंही लिहिलं, पर्सचाही उल्लेख केला. सही केली आणि कागद पुढे सरकवला.

"साक्षीदाराची सही लागेल," संचालिका म्हणाल्या. "काकू करतील."

"हो, हिची घ्या," तपासनीस म्हणाले. "इथे कर. इथे खाली. रेघेवर."

बायकोने कागद घेतला, पण पेन घेतलं नाही. खुर्ची ओढून ती बसली. चष्मा काढला, पदराच्या टोकाने पुसला, परत घातला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.

"अगं, सही फक्त करायचीय. मी लिहिलंय सगळं."

"तुम्ही लिहिलंय म्हणूनच वाचतेय."

पहारेकरी खोकला. बोट एकेक ओळ खाली उतरत गेलं, एकदा दोन ओळी वरही गेलं. तपासनीस या पायावरून त्या पायावर होत उभे होते. शेवटून तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"हे रिकामं आहे," ती म्हणाली. "'खूण करण्यापूर्वी बेरीज तपासली होती काय?' पुढे चौकट आहे. तिच्यात काही नाही."

"ते राहू दे. ते तितकंसं लागत नाही."

"मग विचारलंय कशाला?"

"अगं, घरी गेल्यावर बोलू."

"रिकाम्या चौकटीखाली मी सही करायची नाही," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. तिने कागद त्यांच्याकडे सरकवला आणि हात मांडीवर ठेवून ती वाट बघत बसली. वाट बघण्याची तिला घाई दिसली नाही.

तपासनिसांनी संचालिकांकडे पाहिलं. त्या छताकडे पाहत होत्या. उमेदवाराकडे पाहिलं, त्याच्या चेहऱ्यावर या बाईंबद्दल असा आदर होता, जो तपासनिसांना कुठल्याही शाखेत कधी कोणाच्या चेहऱ्यावर दिसला नव्हता. शेवटी ते वाकले आणि चौकटीत बारीक अक्षरांत लिहिलं: नाही.

बायकोने ते वाचलं. मग पेन घेऊन पूर्ण नावाची सही केली, तारीख घातली आणि कागद उमेदवाराच्या हातात दिला.

"काकू," तो कागद दोन्ही हातांत धरून म्हणाला, "तुम्हीपण बँकेत होता का?"

"नाही रे बाबा," ती पर्सची चेन लावत म्हणाली. "मी घरात होते."